एकाच विहिरीवरची दोन घरे: अर्थशास्त्राला यातले काही सांगता येते का?

अनेरकाठ (चोपडा तालुका)

नमस्कार मंडळी. माझी मुलगी यंदा अकरावी वाणिज्य शाखेत आहे. मागच्या आठवड्यात मागणी-पुरवठ्याच्या आकृत्या वहीत उतरवताना तिने मध्येच पेन्सिल खाली ठेवली आणि विचारले, ‘पप्पा, नानाआजोबा श्रीमंत का आणि आपण असे का, हे या पुस्तकात कोणत्या पानावर आहे?’ मी ‘नशीब’ म्हणून वेळ मारून नेली, पण ते उत्तर मलाच पटलेले नाही. म्हणून इथे विचारतो.

हकीकत अशी आहे. आजोबा १९९३ मध्ये वारले आणि १९९४ मध्ये वडील व नाना, म्हणजे माझे काका, वेगळे झाले. बारा एकर काळी जमीन होती, ती सहा-सहा एकर अशी वाटली गेली. विहीर एकच राहिली आणि पाण्याची पाळी एक दिवसाआड ठरली. माती तीच, पाणी तेच, पाऊस तोच. आज नानांकडे चौदा एकर आहे, दारात ट्रॅक्टर आहे, ठिबकवर केळी आहे आणि मुलगा पुण्याला नोकरीला आहे. आमच्याकडे अडीच एकर उरली आहे आणि मी शेतीच्या जोडीला एका दुकानात कामाला जातो.

वडिलांना कसलेही व्यसन नव्हते, पहाटे विहिरीवर तेच आधी पोचत. १९९९ मध्ये आईच्या शस्त्रक्रियेसाठी दीड एकर विकले. २००४ मध्ये बहिणीच्या लग्नाला सावकाराकडून पैसे घेतले, ते फिटता फिटेनात, म्हणून २००८ मध्ये आणखी दोन एकर विकले. ते दोन एकर नानांनीच घेतले. भाव त्यांनी रास्त दिला, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. गावात म्हणतात, नानांच्या हाताला बरकत आहे. बरकत म्हणजे नेमके काय, हे अर्थशास्त्राला सांगता येते का?

---

निवृत्त प्राध्यापक (अमळनेर)

तुमच्या मुलीचा प्रश्न तिच्या पाठ्यपुस्तकापेक्षा मोठा आहे. उत्तर देण्याआधी मला एकच गोष्ट विचारायची आहे. वाटणी झाली तेव्हा किंवा त्यानंतर लवकरच नानांच्या घरात दरमहा ठरावीक तारखेला येणारे काही उत्पन्न होते का? पगार, निवृत्तिवेतन, दुधाचा रतीब, काहीही चालेल.

---

अनेरकाठ

सर, आपण हे कसे ओळखले ते कळत नाही. काकू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, १९९२ मध्ये लागल्या. पण तेव्हा पगार फार नव्हता, आणि नानांनी जमीन घेतली ती शेतीच्या पैशातून, असेच आम्ही आजवर समजत आलो.

---

निवृत्त प्राध्यापक

ते बहुतेक खरेही असेल. पगारातून जमीन घेतली गेली असे मी म्हणत नाही. पगाराने नानांना जे दिले ते जमिनीपेक्षा वेगळे होते. त्याला मी वर्गात ‘थांबण्याची ऐपत’ म्हणत असे, आणि माझ्या मते खेड्यातली श्रीमंती आणि गरिबी समजून घेण्याची ही सर्वांत जवळची किल्ली आहे.

तुमच्या वडिलांचे वर्ष डोळ्यांपुढे आणा. कापसाची पहिली-दुसरी वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास घरात येते. त्याच वेळी किराणा दुकानदाराची वही भरलेली असते, कृषी केंद्राची खत-बियाण्यांची उधारी डोक्यावर असते, पोरांना कपडे घ्यायचे असतात आणि वेचणीची मजुरी आठवड्याच्या बाजारादिवशी द्यावीच लागते. म्हणून जो खेडा-खरेदीवाला काटा घेऊन दारात येतो त्याला कापूस मोजून दिला जातो. तुमच्यासारखी पन्नास घरे त्याच पंधरवड्यात तेच करतात, त्यामुळे तुमच्या मुलीच्या आकृतीतली पुरवठ्याची रेघ उजवीकडे सरकते आणि भाव दबतो. त्या आकृतीत एक गोष्ट मात्र दाखवलेली नसते: रेघ सरकते ती ज्यांना थांबता येत नाही त्यांच्यामुळे. ज्याच्या घरी पहिल्या तारखेला काकूंचा पगार येतो, त्याचा किराणा आणि त्याची मजुरी पगारातून भागते, कापूस माडीवर पडून राहतो. सहा-सहा एकरांची वाटणी समान होती, पण सहा एकरांचे पीक विकण्याची घाई समान नव्हती.

हेच खरेदीच्या बाजूने पाहा. खानदेशात ऐपतदार घर चैत्र-वैशाखात वर्षाचे धान्य भरते. गहू आणि दादर (रब्बी ज्वारी) उन्हात वाळवून, निवडून कोठीत जाते. समजा, एप्रिलमध्ये गहू २,८०० रुपये क्विंटलने मिळाला आणि ज्याला तो तेव्हा घेता आला नाही त्याने पावसाळ्यात तोच गहू किलो-दोन किलोने ३६ रुपयांप्रमाणे उधारीवर नेला. एका क्विंटलमागे ८०० रुपये जास्त गेले, म्हणजे मूळ रकमेवर अठ्ठावीस टक्क्यांहून अधिक, तेही चार-पाच महिन्यांत. एवढा परतावा कोणतीही बँक ठेवीवर देत नाही. एप्रिलमध्ये २,८०० रुपये हातात मोकळे असणे, एवढ्याच गोष्टीचा हा परतावा आहे. गरीब घर तोच गहू खाते आणि श्रीमंत घरापेक्षा महाग खाते.

आता कर्ज. सावकाराचा दर शेकडा तीन रुपये महिना धरला तरी वर्षाला ३६ टक्के होतात, आणि महिन्याच्या महिन्याला व्याज मुद्दलात धरत गेले तर चोवीस महिन्यांत रक्कम दुप्पट होते. उलट विकास सोसायटीचे तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला आज महाराष्ट्रात शून्य टक्के व्याजाने पडते. ‘मुदतीत’ हा शब्द इथे सगळ्यांत महाग आहे. ३१ मार्चला कर्ज ‘नवे-जुने’ करायचे म्हणजे आधी पूर्ण रक्कम भरायची आणि मग तीच रक्कम पुन्हा उचलायची. ज्याच्या खात्यात शिल्लक असते तो ती भरतो, आठ-दहा दिवसांत परत मिळवतो आणि शून्य टक्क्यांचा मानकरी होतो. ज्याच्याकडे शिल्लक नसते तो त्या आठ-दहा दिवसांसाठी सावकाराकडे जातो, आणि सावकार दहा दिवसांचे व्याज दहा दिवसांचे धरत नाही, पूर्ण महिन्याचे धरतो. लाखामागे तीन हजार गेले. सवलत दोघांनाही सारखीच असते, पण तिच्या दारापर्यंत जाण्याचे भाडे एकालाच भरावे लागते.

तुमच्या २००८ सालाबद्दल मला एक शंका आहे. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने शेतकऱ्यांची कर्जमाफी जाहीर केली. दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी होती, म्हणजे साडेचार एकरांचे तुमचे वडील क्षेत्राच्या अटीत बसत होते. पण माफी संस्थांच्या कर्जाला होती, सावकाराच्या कर्जाला नव्हती, आणि संस्थेचेही कर्ज ३१ डिसेंबर २००७ रोजी थकीत असणे आवश्यक होते. तुमचे वडील जर दरवर्षी सावकाराकडून उचलून सोसायटी नवी-जुनी करत असतील, तर कागदोपत्री ते थकबाकीदार नव्हतेच. थकले असते तर सुटले असते. प्रामाणिकपणे फेडत राहिले आणि फेडण्यासाठी जे काढले तेच मानेवर बसले. असे घडले असेल असे मी खात्रीने म्हणत नाही, मात्र जुना सोसायटीचा उतारा आणि सावकाराच्या चिठ्ठ्या असतील तर तारखा जुळवून पाहा.

जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये दाखवून दिले की घराचे उत्पन्न जितके कमी, तितका खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. आपल्याकडच्या २०२३-२४ च्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीत ग्रामीण भागात दरडोई मासिक खर्च सरासरी ४,१२२ रुपये आढळला आणि त्यातला सुमारे ४७ टक्के अन्नावर होता. ही सरासरी आहे. तळाच्या घरांचे चित्र याहून कठीण. ताटातले काढता येत नाही, म्हणून आजारपणाचा फटका आला की तो थेट जमिनीवर बसतो. दीड एकर जमीन ही तुमच्या घराची विमा पॉलिसी होती, आणि १९९९ मध्ये ती वटवावी लागली. त्यानंतरचा प्रत्येक हंगाम साडेचार एकरांवर आला, म्हणून २००४ मध्ये लग्नाला सावकार लागला. नानांच्या घरी शस्त्रक्रिया झाली नाही हे नशीब खरेच. पण झाली असती तरी जमीन विकावी लागली नसती, आणि तो भाग नशिबाचा नाही.

---

रुई-सरकी (बोदवड)

प्राध्यापक महोदयांचा लेख उत्तम आहे, परंतु कापसाबद्दलचे एक विधान मला जरा एकांगी वाटते. मी बावीस वर्षे जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, हिशेब पाहतो. थांबणाऱ्याला नेहमी जास्त भाव मिळतो, असा समज या लिखाणातून होऊ नये.

२०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. ते पाहून पुढच्या वर्षी अख्ख्या खानदेशाने कापूस घरात भरून ठेवला. सुरुवातीला साडेआठ-नऊ हजारांना मागणी होती, तेव्हा दिला नाही. संक्रांत गेली, होळी गेली, आखाजी (अक्षय्य तृतीया) गेली. हंगाम सरता सरता भाव सात हजारांच्या आसपास आला. मधल्या काळात कापूस वाळून वजन घटले, आणि घरात त्याच खोलीत झोपणाऱ्या पोराबाळांच्या अंगाला खाज सुटली, ते वेगळेच. भाव गावात ठरत नाही. एका क्विंटल कापसातून साधारण चौतीस-पस्तीस किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. रुईचा भाव जगाच्या बाजारातून येतो आणि सरकीचा भाव ढेप-तेलाच्या बाजारातून. आमच्या दारात ट्रॅक्टर किती उभे आहेत याचा परिणाम त्यावर होतो, पण तो शेवटच्या शे-दोनशे रुपयांवर.

जगाच्या बाजाराने खानदेशाला वर नेणे आणि खाली आपटणे हे नवे नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि मुंबई इलाख्यातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. त्याच दशकात रेल्वे खानदेशात पोचली. युद्ध संपताच भाव कोसळला. तेजीच्या भरवशावर ज्यांनी कर्ज उचलले होते, त्यांचे कर्ज मात्र कोसळले नाही. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या, त्यामागच्या कारणांत हेही एक मोजतात.

आणि खेडा-खरेदीवाल्याला एवढे बदनाम करू नये, अशी नम्र विनंती. तो रोख देतो, दारात येऊन देतो, आणि ओला कापूस, कवडी (किडका कापूस), पाला यांचा धोका स्वतःच्या अंगावर घेतो. काट्यात मारणारे आहेत, नाही असे नाही. पण सगळेच तसे असते तर दुसऱ्या वर्षी त्यांना कोणी ओट्यावर बसू दिले नसते.

---

निवृत्त प्राध्यापक

आपली दुरुस्ती मान्य. ‘थांबले की नफा’ असे मला म्हणायचे नव्हते, माझे वाक्य तसे वाचले गेले असेल तर दोष माझा. थांबणे हा जुगारच आहे. मुद्दा एवढाच की तो जुगार हरल्यावर दोन घरांत काय होते. पगारदाराच्या घरी २०२२-२३ मध्ये खाज सुटली आणि पुढच्या वर्षी कापसाचे क्षेत्र कमी झाले. ज्याने सावकाराचे व्याज चालू ठेवून कापूस भरला होता, त्याच्या भावात दोन हजारांची घट आणि वर सहा-सात महिन्यांचे शेकडा तीन, असा दुहेरी मार बसला. म्हणून शहाणा गरीब शेतकरी तो डाव खेळतच नाही, दिवाळीला विकून मोकळा होतो, आणि त्याच्या शहाणपणाला आपण ‘याला बाजार कळत नाही’ असे नाव देतो.

केळीचेही तेच. एकरी लाखाच्या आसपास खर्च आधी घालायचा आणि पैसा यायला वर्षाच्या आसपास लागायचे. मध्ये करपा, वादळ, मे महिन्याचे ऊन. सहा एकरांतल्या दोन एकरांत केळी लावून हरता येते. अडीच एकरवाल्याने सगळीच केळी लावली आणि एका वादळात आडवी झाली तर तो उठत नाही, म्हणून तो कपाशी-मक्यावर राहतो. जास्त उत्पन्नाचे पीक त्याला कळत नाही असे नव्हे, त्याला ते परवडत नाही.

---

मोलगी घाट (नंदुरबार)

मी सातपुड्यात शिक्षक आहे. आपली चर्चा वाचताना सारखे वाटत होते की आमच्याकडे वाटणीला सहा एकर काळी जमीन आली असती, तर आम्ही हा प्रश्न विचारलाच नसता.

थांबण्याच्या ऐपतीचे टोक पाहायचे असेल तर श्रावण-भाद्रपदात इकडे या. घरातले जुने धान्य संपलेले असते आणि नवी ज्वारी-मका अजून शेतात हिरवी असते. नेमक्या त्याच दिवसांत मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, गुजरातेतल्या साखर कारखान्यांच्या ऊसतोडीसाठी उचल (आगाऊ रक्कम) वाटत पाड्यांवर फिरतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोयत्यामागे जी उचल घेतली जाते ती खाऊन संपते, आणि दिवाळीनंतर ती फेडण्यासाठी पाच-सहा महिने उसाच्या फडात जावे लागते. मजुरीचा दर त्या वेळी ठरतो ज्या वेळी एका बाजूला पोट रिकामे असते आणि दुसऱ्या बाजूला रोकड असते. फडात गेल्यावर दराबद्दल बोलायला जागा उरत नाही, कारण आधी घेतलेले असते. माझ्या वर्गाचा पट दिवाळीच्या सुट्टीनंतर निम्म्यावर येतो. तिसरीतली मुले तिथे वाढे (उसाचे शेंडे) बांधतात आणि धाकट्या भावंडांना सांभाळतात. त्यांचे अक्षर जे होळीला विसरलेले असते ते मला पुन्हा पहिल्यापासून शिकवावे लागते, आणि पुढे त्याच मुलाला मुकादमाची चिठ्ठी वाचता येत नाही.

बँक ही उचल का देत नाही, असे मला पूर्वी वाटायचे. बँकेला तारण हवे असते आणि कर्जदार कसा आहे याची माहिती हवी असते. पाड्यावर ना सातबारा स्पष्ट, ना बँकेच्या साहेबाला कोणाची ओळख. मुकादम मात्र त्याच भागातला असतो. कोणत्या घरात दणकट गडी आहे, कोण मागच्या वर्षी फडातून पळाला, कोणाची बायको आजारी आहे, हे त्याला तोंडपाठ असते. ज्याच्याकडे माहिती, त्याच्याकडे बाजार. ही साधी गोष्ट बाजाराच्या सिद्धांतात नीट बसवल्याबद्दल अॅकरलॉफ, स्पेन्स आणि स्टिग्लिट्झ यांना २००१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, असे मी वाचले तेव्हा मला पहिल्यांदा आमच्या मुकादमाचीच आठवण झाली.

आमचूरचे उदाहरण जवळून पाहिलेले आहे म्हणून सांगतो. मे महिन्यात बाया कैऱ्या सोलून, फोडी करून खडकावर वाळत घालतात. बोटांची कातडी आंबटाने फाटते. फोडी पूर्ण वाळायला काही दिवस कडक ऊन लागते आणि वळवाच्या एका सरीने त्या काळ्या पडतात. काळ्या फोडीला भाव नाही. आभाळ भरून आले की बाया अर्धवट वाळलेला मालही डोक्यावर घेऊन बाजारात पोचतात, आणि व्यापाऱ्यालाही आभाळ दिसतच असते. ज्याच्याकडे पत्र्याची शेड आहे तो तोच माल घेऊन ठेवतो आणि पावसाळ्यानंतर विकतो. आमच्या पाड्यावर एका गटाने तीन वर्षांपूर्वी ताडपत्र्या आणि एक मोकळी खोली मिळवली. त्या वर्षापासून त्या बाया आभाळ पाहून बाजाराला पळत नाहीत. भाव दुप्पट वगैरे झालेला नाही, पण आता त्या व्यापाऱ्याला ‘परवा या’ असे म्हणू शकतात.

अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून जे मांडले ते याच रस्त्यावरचे आहे. देशात धान्य किती आहे एवढ्यावर माणसाचे पोट भरत नाही, त्या धान्यावर त्याचा हक्क पोचतो का यावर ते ठरते. बंगालमध्ये शेतमजुरांची मजुरी तांदळाच्या भावामागे धापा टाकत राहिली आणि तेच आधी मेले. याच्या उलट, १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात धान्य कमी पिकूनही तसे झाले नाही, कारण माणसे खडी फोडायला आणि पाझर तलावांवर गेली, हातात मजुरी आली. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. १९७९ पासून तो लागू झाला, आणि त्याचे श्रेय वि. स. पागे यांना दिले जाते. आमच्या पाड्यावर श्रावणात रोजगार हमीचे काम निघाले आणि मजुरी वेळेवर पडली, तर त्या वर्षी मुकादमाला उचल थोडी वाढवावी लागते, हे मी स्वतः पाहिले आहे. अडचण अशी की काम बहुधा श्रावणात निघत नाही.

---

पाचोऱ्याची लेक

सर्व आदरणीय मंडळी, आपण वाटणीनंतरच्या तीस वर्षांचा फार बारकाईने हिशेब केलात. मला वाटणीच्या दिवसाबद्दल विचारायचे आहे. बारा एकरांची सहा-सहा झाली असे दादांनी लिहिले आहे. आपल्याला आत्या आहेत का? असल्यास त्यांना किती एकर आली?

माझ्या माहेरीही ‘दोन भावांत समान वाटणी’ झाली आणि आम्ही दोघी बहिणी तलाठी कार्यालयात हक्कसोडपत्रावर अंगठा आणि सही करून आलो. आईने त्या दिवशी पुरणपोळी केली होती. मला वाईट वाटले नाही, वाईट वाटायचे असते हेच तेव्हा ठाऊक नव्हते. पुढे नवरा गेला आणि मी बचत गटाच्या वहीत दरमहा शंभर रुपये भरू लागले, तेव्हा पहिल्यांदा हिशेब केला की मला न मिळालेल्या जमिनीचे आज काय झाले असते.

कायद्याचेही सांगते. महाराष्ट्राने १९९४ मध्येच वारसा कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला, मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले. देशभरासाठी तशी दुरुस्ती २००५ मध्ये आली. आपल्या आत्यांचे लग्न आधी झाले असेल तर १९९४ च्या दुरुस्तीचा त्यांना उपयोग नव्हता, तरी आजोबांच्या स्वतःच्या हिश्श्यात १९५६ च्या कायद्याने त्या वारस होत्याच. म्हणूनच तर हक्कसोड लिहून घेतात. काहीच हक्क नसता तर सोडायला कशाला बोलावले असते?

प्राध्यापक सरांना एक नम्र प्रश्न: थांबण्याची ऐपत पगारातून येते हे पटले, पण काकूंचा तो पगार कोणाच्या सहीने घरात खर्च होत होता, आणि घेतलेल्या आठ एकरांपैकी किती त्यांच्या नावावर आहे, हेही अर्थशास्त्रात धरतात का?

---

निवृत्त प्राध्यापक

ताई, धरायला हवे, आणि मी धरले नव्हते. आमच्या शास्त्रात ‘कुटुंब’ हा एकच खर्च करणारा, एकच निर्णय घेणारा घटक मानण्याची सवय फार जुनी आहे, आणि माझे सारे अध्यापन त्याच सवयीत गेले. घराच्या आत कोणाच्या हातात पैसा आहे यावर तो कशावर खर्च होतो हे बदलते, असे अलीकडचे पुष्कळ अभ्यास दाखवतात. सुरुवातीची मालमत्ता कोणाला मिळाली हा प्रश्न मात्र बाजाराच्या आकृतीत मावतच नाही, बाजार त्यानंतर सुरू होतो.

---

अनेरकाठ

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी मुलीला घेऊन माळ्यावरची पेटी उतरवली. वडिलांनी सोसायटीच्या पावत्या दोऱ्यात ओवून ठेवल्या होत्या. दरवर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात भरणा आहे आणि एप्रिलमध्ये उचल आहे, एकही वर्ष चुकलेले नाही. २००७ मध्येही नाही. म्हणजे सर, आपली शंका खरी निघाली. फेरफार नोंदी पाहिल्या तर दोन्ही विक्रीही मार्चमधल्याच आहेत. मुलीने वहीच्या मागच्या पानावर शेकडा तीनचा हिशेब चोवीस महिन्यांपर्यंत नेला, शेवटचा आकडा पाहून पुन्हा पहिल्यापासून केला, आणि मग काही बोलली नाही.

पाचोऱ्याच्या ताई, त्याच पेटीत १९९४ चे हक्कसोडपत्र निघाले. आम्हाला एकच आत्या, लग्न १९८६ चे. त्यांची सही बालबोध अक्षरात आहे, रेघेच्या खाली उतरलेली. मी सहा-सहा एकर असे लिहिले तेव्हा त्यांचे नाव माझ्या मनातसुद्धा आले नव्हते. काकूंचे विचाराल तर चौदा एकरांपैकी एकही त्यांच्या नावावर नाही, हे मला सातबारा न पाहताही ठाऊक आहे.

आत्या दरवर्षीप्रमाणे आखाजीला माहेरी येतील. त्या नानांकडे उतरतात, आमच्याकडे एक दिवस जेवायला येतात. मुलगी म्हणते, आपण त्यांना ते कागद दाखवू. मी अजून हो म्हटलेले नाही.